वाचकांचे प्रश्न : बांध फुटल्यानंतर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांची ओळख कळू नये म्हणून गावांची नावे आणि काही तपशील गाळले आहेत. मोडलेले आयुष्य देव पुन्हा उभे करतो, असे आपण उपासनेत म्हणतो. ते प्रत्यक्ष घरात कसे घडते, हा प्रश्न तिन्ही पत्रांत वेगवेगळ्या रीतीने आला आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्याच आशयाची पत्रे मला याआधीही आली आहेत आणि त्यांना मी पुरेसे उत्तर दिले नव्हते.

प्रश्न : माझ्या पतींचा खनिज वाहतुकीचा टिपर होता. मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या, पतसंस्थेचे हप्ते थकले, टिपर दारात गंजत उभा राहिला आणि पती दारू व मटका यांच्या नादी लागले. माझे दागिने गेले, मुलीच्या नावाची ठेव गेली. दोनदा त्यांनी माझ्यावर हात उचलला. नंतर चार वर्षे ते घराबाहेर होते. गेल्या नाताळाच्या आधी ते परत आले. दारू सोडली आहे, उपासनेला नियमित येतात, मंडळीसमोर उभे राहून त्यांनी साक्षही दिली. आता ते म्हणतात, "देवाने माझे सगळे पुसून टाकले, मग तू अजून का धरून बसली आहेस?" कर्ज फेडण्यासाठी त्यांना आमची पोफळीची बाग विकायची आहे आणि त्याकरिता माझी सही हवी आहे. मंडळीतील वडीलजनही म्हणतात, क्षमा केली असेल तर सही करायला हरकत काय? दार जोरात आपटले की माझी तेरा वर्षांची मुलगी अजून दचकते. मी क्षमा न करणारी बाई आहे का?
(एक भगिनी, डिचोली तालुका)

उत्तर : ताई, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो. आपण क्षमा न करणाऱ्या बाई नाही. क्षमा, विश्वास आणि सही या तीन निरनिराळ्या गोष्टी असून त्यांची एकच मोळी बांधून ती आपल्या डोक्यावर ठेवण्यात आली आहे, असे आपले पत्र वाचताना मला वाटत राहिले.

आपल्या पतींचे पहिले वाक्य मात्र खरे आहे. देव पुसून टाकतो. दुसऱ्याची पत्नी घेऊन तिच्या पतीला मारवल्यावर दाविद राजाने एक्कावन्नाव्या स्तोत्रात हेच मागितले, आणि "मी पाप केले आहे" एवढे शब्द त्याच्या तोंडून निघताच नाथान संदेष्ट्याने त्याला क्षमेचे वचन दिले. देवाच्या बाजूने तेथे जराही दिरंगाई नव्हती. चार वर्षे बाहेर काढून, दारू सोडून एखादा माणूस आपल्या दाराशी परत येतो ही गोष्ट लहान नाही, आणि त्याबद्दल मी मनापासून देवाचे आभार मानतो. परंतु त्याच नाथानाने त्याच भेटीत, दाविदाच्या घराला या कृत्याचे काय भोगावे लागेल, तेही सांगितले होते. देवाशी असलेला हिशेब मिटला म्हणून घरातल्या माणसांचा हिशेब आपोआप मिटत नाही, आणि पवित्र शास्त्राने तसे कोठेही म्हटलेले नाही.

उलट शास्त्र या बाबतीत फार नेमके आहे. गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील सातवे वचन आपण दोघांनी मिळून वाचावे. ज्याने दुसऱ्याचे नुकसान केले त्याने पाप कबूल करावे, पुरती भरपाई करावी आणि वर पाचवा हिस्सा घालून, ज्याचा अपराध केला त्याला ते द्यावे, असा तेथे नियम आहे. जक्कय या जकातदाराच्या घरी प्रभू येशू पाहुणा म्हणून गेला, तेव्हा जक्कयाने पाचव्या हिश्शावर न थांबता, ज्याला लुबाडले त्याला चौपट देईन, असे सर्वांच्या देखत सांगितले, आणि त्यानंतर प्रभूने, आज या घराला तारण प्राप्त झाले, असे म्हटले. मला त्यातला 'घर' हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वेदीपाशी दान ठेवून आधी समेट करायला जाण्याची जी आज्ञा आहे, तीही ज्याच्याविरुद्ध कोणाच्या मनात काही आहे त्याला, म्हणजे अपराध्याला, दिलेली आहे. उठून चालत जाण्याचे काम त्याचे आहे. आपल्या पतींनी मंडळीसमोर साक्ष दिली हे चांगलेच झाले. परंतु ठेव मोडल्याबद्दल ते मुलीसमोर कधी बसले का, याविषयी आपल्या पत्रात एक अक्षरही नाही.

लहानपणी मी सुट्टीत चोडणला मामांकडे जात असे. एका पौषात उधाणाच्या भरतीने तेथील खाजनाचा, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध फुटला आणि मांडवीचे खारे पाणी शेतांत शिरले. गावातल्या पुरुषांनी चिखल, पेंढा आणि जांभा दगड घालून आठ-दहा दिवसांत बांध पुन्हा उभा केला. मला वाटले, झाले. पहिला पाऊस पडल्यावर मामा बियाणे घेऊन शेतात गेले नाहीत. ते रिकाम्या हाताने गेले, चिमूटभर माती त्यांनी जिभेवर ठेवली, थुंकली, आणि म्हणाले, "यंदा नाही." त्या पावसाळ्यात त्यांनी पावसाचे पाणी शेतात साठू दिले, ओहोटी लागली की मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारे उघडून ते सोडून दिले, पुन्हा साठवले, पुन्हा सोडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी खारट जमिनीत तग धरणारा कोरगुट हा भाताचा वाण पेरला, तोही विरळ उगवला. भात चांगले आले ते तिसऱ्या वर्षी. या सगळ्या काळात मामांनी मातीला एकदाही विचारले नाही की तू मीठ का धरून बसली आहेस.

यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाच्या लोकांना भगदाड बुजवणारे असे नाव मिळेल, असे म्हटले आहे, तेथे मला नेहमी तो बांध दिसतो. आपल्या पतींनी दारू सोडली, म्हणजे भगदाड बुजवले. ते खरे काम आहे. परंतु मीठ अजून मातीत आहे, आणि मुलगी दचकते ती त्या मिठामुळे. तिचे दचकणे हा तिच्या विश्वासातील उणेपणा नाही, आणि आपले सावध राहणे हाही नाही. आपण मनातून सूड काढून टाकला असेल, पतींचे वाईट व्हावे असे आपल्याला वाटत नसेल, त्यांच्यासाठी प्रार्थना करता येत असेल, तर क्षमेचे काम आपल्यात सुरू झालेले आहे. विश्वास मात्र मागून मिळत नाही. तो ज्याने मोडला त्याने, रोजच्या वागण्यातून, स्वतःच्या गतीने नव्हे तर पत्नीच्या आणि मुलीच्या गतीने, परत मिळवायचा असतो.

आता सहीविषयी. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा आजही लागू आहे, आणि लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते व त्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. म्हणूनच स्थावर मालमत्ता विकताना पत्नीची संमती लागते. ही सही म्हणजे पतीवर केलेला उपकार नव्हे. ती आपली आणि पर्यायाने मुलीची राखण आहे. ती देणे किंवा न देणे हा व्यवहाराचा प्रश्न आहे, आणि व्यवहाराच्या प्रश्नाला 'क्षमा केली असेल तर' असे शब्द जोडणे मला अयोग्य वाटते. कर्ज नेमके किती, कोणाचे, बाग विकून काय उरणार, आणि उरलेले कोणाच्या नावे राहणार, हे कागदावर आल्याखेरीज सही करू नका. वकिलाची फी परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. आणि पुन्हा हात उचलला गेला तर त्याच दिवशी १८१ या महिला हेल्पलाइनवर कळवा. त्यासाठी पाळकाची परवानगी लागत नाही.

आपले पती हे उत्तर वाचतील, अशी आशा धरून त्यांनाही लिहितो. दादा, आपल्यावर प्रभूने कृपा केली आहे, म्हणून आपल्याला घाबरण्याचे कारण उरलेले नाही. खरा हिशेब मांडण्याचे धैर्य ज्याला क्षमा मिळाली आहे त्यालाच येते. एक वही घ्या. कोणते दागिने, किती तोळे, ठेव किती रुपयांची, सगळे लिहा. मग महिन्याला जमेल तेवढी रक्कम मुलीच्या खात्यात भरा, ती पाचशे रुपये असली तरी चालेल, आणि भरल्याची पावती तिच्या हाती द्या. "तू का धरून बसली आहेस" हा प्रश्न पुन्हा विचारू नका.

वडीलजनांना दोष देताना मला माझेही एक सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका भगिनीला मी याच शब्दांत समजावून घरी परत पाठवले होते. प्रभू सांभाळील, असे म्हटले होते. दोन महिन्यांनी मी तिला रुग्णालयात भेटायला गेलो, तेव्हा तिचा जबडा तारेने बांधलेला होता आणि ती माझ्याशी बोलू शकत नव्हती. तो सल्ला चूक होता. शास्त्राचे नाव घेऊन मी तो दिला होता, याचे दुःख मला आजही आहे.

प्रश्न : माझ्या एकोणतीस वर्षांच्या मुलाने दोन वेळा उपचार घेऊन दारू सोडली आणि दोन्ही वेळा पुन्हा सुरू केली. आता एका प्रार्थनासभेत त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. तेथील एका भावाने, यापुढे औषधे घेणे म्हणजे अविश्वास आहे, असे सांगितल्यामुळे त्याने गोळ्या बंद केल्या आहेत. मी काय करावे?
(एक आई, वास्को)

उत्तर : गोळ्या सुरू करायला सांगा, आणि आजच डॉक्टरांशी बोला.

हिज्कीया राजा मरणाच्या दारी होता तेव्हा देवाने त्याला आणखी पंधरा वर्षांचे आयुष्य देण्याचे वचन दिले, ही गोष्ट २ राजे या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे. वचन खुद्द यशया संदेष्ट्याने आणले होते. आणि त्याच यशयाने, त्याच प्रसंगी, राजाच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले. देवाच्या वचनावर यशयाचा विश्वास कमी होता, असे म्हणण्याचे धाडस तो भाऊ करील का? पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता, आणि पौलाने त्याला 'प्रिय' म्हटले आहे.

ज्याला रोज भरपूर पिण्याची सवय आहे त्याने दारू एकाएकी बंद केली तर हातांना कंप सुटणे, घाम येणे, झोप उडणे यापासून पुढे एक-दोन दिवसांत फिट येण्यापर्यंत आणि दोन-तीन दिवसांत भ्रम होण्यापर्यंत मजल जाऊ शकते, आणि अशा वेळी वैद्यकीय देखरेख नसेल तर प्राणावर बेतते. म्हणून आपला मुलगा सध्या पीत असेल तर केवळ उपवास-प्रार्थनेच्या बळावर त्याला घरात कोंडून ठेवण्याचा प्रयत्न करू नका. बांबोळी येथे सरकारी मानसोपचार संस्था आहे, आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचे गट गोव्यातही आहेत. आपल्यासारख्या आप्तांसाठी वेगळ्या सभा असतात, त्यांची चौकशी करा. आईलाही आधार लागतो.

दोनदा घसरला याचा अर्थ देवाने हात सोडला असा होत नाही, आणि उपचार वाया गेले असाही होत नाही. या आजारात घसरण वारंवार होते, हे डॉक्टर जाणतात. हात ठेवून केलेल्या प्रार्थनेला मी कमी लेखत नाही, मी स्वतः ती करतो. मुलासाठी ती चालू ठेवा, आणि सकाळची गोळी त्याच्या हातावर ठेवतानाही करा.

प्रश्न : मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. तरुणपणी प्रभूच्या सेवेचा संकल्प केला होता. नंतर आखाती देशात नोकरीला गेलो, तेथे दुसरा संसार थाटला आणि गावातील पत्नीला वाऱ्यावर सोडले. पैसेही पाठवले नाहीत. दुसरा संसारही टिकला नाही. परत आलो तेव्हा पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली होती. आम्हाला मूल नव्हते. तिची एक बहीण पेडण्याकडे असते. क्षमा मागायला माणूसच उरलेले नाही, आणि पुढे काही करण्याचे वयही उरलेले नाही. मी उपासनेला मागच्या बाकावर बसतो आणि प्रभुभोजनाच्या वेळी उठून बाहेर जातो. योएल संदेष्ट्याने टोळांनी खाल्लेली वर्षे भरून मिळतील असे लिहिले आहे, ते माझ्यासारख्यासाठी आहे का?
(एक वाचक, फोंडा तालुका)

उत्तर : होय, आहे. परंतु योएलाच्या दुसऱ्या अध्यायात देव गेलेली वर्षे परत आणून देत नाही. गेलेले पीक गेलेलेच असते. जे लोक आपली वस्त्रे न फाडता अंतःकरणे फाडून त्याच्याकडे वळतात, त्यांच्या पुढच्या हंगामात तो इतके देतो की रितेपण भरून निघावे. आपली पत्नी परत येणार नाही, आणि हे दुःख आपल्यापाशी राहील. ते हलके करण्यासाठी मी आपल्याला काही खोटे सांगणार नाही.

वरच्या ताईंना सांगितलेल्या गणनेच्या वचनाखालचे आठवे वचन मात्र आपण अवश्य पाहावे. ज्याचा अपराध केला तो माणूसच राहिला नाही आणि भरपाई घ्यायला त्याचा जवळचा नातलगही नसला तर काय करावे, याचा विचार तेथे केलेला आहे: ती भरपाई देवाला अर्पण करायची. म्हणजे नियमशास्त्र लिहिले गेले त्या काळीही उशीर झालेली माणसे होती, आणि त्यांच्यासाठी वाट ठेवलेली होती. पण तो नियम नातलग नसेल तेव्हाचा. आपल्या पत्नीची बहीण हयात आहे. बहिणीच्या आजारपणात औषधाचे पैसे कोणी भरले, शेवटी उशापाशी कोण बसले होते, हे त्यांना ठाऊक असेल, आणि ते ऐकून घेणे हे आपले पहिले देणे आहे. तेथे जाऊन स्वतःची बाजू मांडू नका. आखातातल्या अडचणी सांगू नका. विचारा आणि ऐका.

वयाविषयी एवढेच सांगतो. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले, तेव्हा त्यांना आपल्या भाषेचे अक्षरही येत नव्हते. 'क्रिस्तपुराण' हे त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी काव्य राशोल येथे १६१६ साली छापून झाले, तेव्हा ते साठी ओलांडलेले होते, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी ते वारले. त्या छापील प्रतींपैकी एकही आज सापडत नाही. लोकांनी हाताने नकला करून ठेवल्या म्हणून ते काव्य आपल्यापर्यंत पोचले. अठ्ठावन्नाव्या वर्षी आपल्यासमोर किती काम पडले आहे, ते मला सांगता येणार नाही, परंतु हंगाम संपला असे आपण ठरवू नये.

राहता राहिले प्रभुभोजन. प्रभूला धरून नेले त्या रात्री महायाजकाच्या वाड्यात त्याचा शिष्य पेत्र याने तीन वेळा त्याला नाकारले तेव्हा तो कोळशांच्या विस्तवाशी शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी शिष्य उतरले, तेव्हा प्रभूनेही तेथे कोळशांचा विस्तवच पेटवून ठेवला होता. मूळ ग्रीक पाठात या विस्तवासाठी वापरलेला शब्द सबंध नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. त्या धगीजवळ येताच पेत्राला ती रात्र आठवली नसेल, असे मला वाटत नाही. प्रभूने त्या रात्रीविषयी तेव्हा एक शब्दही काढला नाही. विस्तवावर मासळी होती, भाकर होती, आणि तो म्हणाला, "या, न्याहारी करा." "तू माझ्यावर प्रीती करतोस काय?" हा तीन वेळा विचारलेला प्रश्न त्यानंतरचा आहे, जेवण झाल्यावरचा, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला दुःख झाले, असे योहानाने लिहून ठेवले आहे. त्या दुःखातच त्याला मेंढरे सोपवली गेली.

म्हणून आपण पेडण्याला जाण्याचा दिवस ठरवा, तो आपल्या पाळकांना सांगा, आणि येत्या रविवारी भाकर मोडली जाईल तेव्हा बाकावरून उठू नका. पेडण्याच्या त्या घरी पहिल्या खेपेला कोणी दार उघडले नाही, तर मला पत्र पाठवा. दुसऱ्या खेपेला मी आपल्याबरोबर येईन.